जुन्या विमानाचा बोल्ट: परत बसवायचा, बदलायचा की जपून ठेवायचा?

जुनं लहान विमान पुन्हा उडतं करायचं म्हटलं की सगळ्यांना इंजिन आठवतं, पंखांवरचं कापड आठवतं, रंग आठवतो. पण विमान सुटं केल्यावर टेबलावर जो नट-बोल्टांचा ढीग जमतो, त्याच्याबद्दल घेतलेल्या निर्णयांवर वैमानिकाचा जीव अवलंबून असतो. पंख धडाला बोल्टने जोडलेला असतो. पंखाला खालून आधार देणारा तिरका दांडा दोन्ही टोकांना बोल्टनेच धरलेला असतो. शेपटी, चाकांचे पाय, इंजिनाची चौकट, सगळीकडे तेच. पन्नास-साठ वर्षं एका भोकात बसलेला बोल्ट बाहेर काढल्यावर तोच परत घालायचा की नवा आणायचा, हे कसं ठरवतात ते या लेखात सांगतो.

बेळगाव भागातल्या वाचकांसाठी हे मराठीत लिहावं असं मला फार दिवस वाटत होतं. उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत आटे, टॉलरन्स (मापात चालणारी तफावत), हीट ट्रीटमेंट (धातू तापवून-थंड करून हवा तसा कडक करणं) हे शब्द रोज कानावर पडतात. हत्तरगीच्या एरोस्पेस वसाहतीत मोठ्या प्रवासी विमानांचे सुटे भाग बनतात आणि संकेश्वर-निपाणीकडची कितीतरी मुलं तिथे काम करतात. बेळगावच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये बांधली गेली. शिवाय भारतातच आखणी झालेलं पहिलं प्रशिक्षण विमान, एचटी-२, ज्यांनी आखलं ते डॉ. विष्णू माधव घाटगे गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचे. जर्मनीत गॉटिंगेनला हवेच्या प्रवाहाचे थोर शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन करून ते परतले, आणि ५ ऑगस्ट १९५१ रोजी एचटी-२ पहिल्यांदा उडालं. म्हणजे हा विषय आपल्या अंगणातलाच आहे.

जुनी लहान विमानं म्हणजे कोणती, हेही थोडक्यात सांगतो. एक टायगर मॉथ: दोन मजली पंखांचं, लाकूड, लोखंडी नळ्या आणि कापड यांचं ब्रिटिश विमान, १९३१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, ८००० हून अधिक बनलेलं. आपल्या वायुसेनेने यातलं एक दुरुस्त करून घेतलं आणि २०१२ च्या वायुसेना दिनी ते दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उडालं. दुसरं पुष्पक: हिंदुस्तान एरोनॉटिक्सने फ्लाइंग क्लबांसाठी बनवलेलं, १९५८ मध्ये पहिलं उड्डाण, दोन आसनं, ९० अश्वशक्तीचं इंजिन, सुमारे १६० विमानं बनली. अशा विमानांचे मूळ भाग आता दुकानात मिळत नाहीत. म्हणून जुना बोल्ट हातात आला की तो घासून-पुसून परत लावायचा मोह होतो.

आधी बोल्ट काम काय करतो ते बघू. त्याची दोन कामं असतात आणि दोन्ही वेगळी आहेत. एका जागी तो दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरतो. नट आवळला की बोल्टचा दांडा अगदी किंचित ताणला जातो, आणि त्या ताणामुळे तुकडे घट्ट राहतात. दुसऱ्या जागी तो खिळीसारखा असतो, आणि भार त्याला आडवा कापायला बघतो. पंखाच्या मुळाशी बहुतेक वेळा हे दुसरं काम असतं. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या हुकातली पिन ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल: पिन मधोमध झिजून कंबर पडल्यासारखी होते, भोक लांबट होतं, आणि मग दर धक्क्याला खडखड वाढत जाते. विमानात ही झीज मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते, आणि ती डोळ्यांना दिसेपर्यंत थांबायचं नसतं.

झिजेपेक्षा घातक असतो तो थकवा-तडा. धातूवर त्याच्या ताकदीच्या कितीतरी खालचा भार पण हजारो-लाखो वेळा येत-जात राहिला, की एखाद्या कोपऱ्यात बारीक तडा सुरू होतो. तो दर फेरीला थोडा सरकतो. बाहेरून बोल्ट चकचकीत दिसतो, आतून अर्धा कापलेला असतो. बोल्टमध्ये अशा तड्याच्या आवडत्या जागा दोन: डोकं आणि दांडा जिथे मिळतात तो गोलसर कोपरा, आणि नटाच्या आत शिरणारा पहिला आटा. गंजाचा एखादा खड्डा पडला असेल तर तडा तिथूनही सुरू होतो. म्हणून गंजाबद्दल विमानातले लोक इतके कडक असतात. पृष्ठभागावरचा खड्डा हा तड्याचा दरवाजा आहे.

आता निर्णयाकडे येऊ. काही वस्तूंबद्दल चर्चाच नाही. नट-बोल्ट आपोआप फिरू नयेत म्हणून घातलेली स्प्लिट पिन (टोकं दुमडायची पिन) आणि लॉकवायर (पिळून बांधायची तार) एकदा काढली की टाकायची. एकदा वाकवलेली तार परत वाकवली तर कधी तुटेल सांगता येत नाही. रिव्हेट काढला की तो संपला. साधे वॉशर सपाट आणि ओरखड्याविना असतील तर तत्त्वतः चालतात, पण एवढ्या स्वस्त वस्तूसाठी जीव धोक्यात का घालायचा? नवे घ्यावेत.

नटांचं थोडं खुलासेवार सांगावं लागेल, कारण इथे चूक सहज होते. आपण ज्याला नायलॉक म्हणतो तो आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे बोल्टला धरून ठेवतो. प्रत्येक वेळी आवळताना-सोडवताना ते कडं झिजतं. नियम असा की नट बोल्टवर फिरवताना, अजून खाली टेकलेला नसतानाच, त्याने ठराविक विरोध केला पाहिजे. पाव इंची, इंचाला २८ आट्यांच्या बोल्टसाठी हा किमान विरोध साडेतीन इंच-पौंड (फिरवण्याच्या जोराचं माप) आहे, म्हणजे साधारण ०.४ न्यूटन-मीटर. बोटांनी तळापर्यंत फिरणारा नायलॉक सरळ टाकून द्यायचा. शिवाय नायलॉनला साधारण १२० अंश सेल्सियसच्या पुढची उष्णता सोसत नाही, म्हणून इंजिनाच्या खोलीत पूर्ण धातूचा लॉकनट लागतो. आणि जिथे बोल्टवर एखादा भाग फिरतो, उदाहरणार्थ कंट्रोलच्या सांध्यावर, तिथे नुसता नायलॉक कधीच नको. तिथे खाचांचा कॅसल नट आणि स्प्लिट पिन. जुन्या विमानात कुणीतरी मधल्या काळात सोयीसाठी कॅसल नटाऐवजी नायलॉक लावलेला सापडतो. "आधी होता तसाच परत बसवला" हे उत्तर म्हणून पुरेसं नाही, ते या कारणासाठी. आधी होता तो बरोबर होता का, हे सुट्या भागांच्या मूळ पुस्तकात पाहायचं.

बोल्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ज्याचा नवा, योग्य, कागदपत्रांसह बोल्ट मिळतो तो जुना बोल्ट परत घालू नये. विशेषतः जो बोल्ट नंतर कापडाखाली झाकला जाणार आहे तो. कापड एकदा चढवलं की ते परत उतरवायची वेळ वीसेक वर्षांनी येऊ शकते. तोवर त्या सांध्याकडे कुणी नीट बघणार नाही. आज वाचलेले दोनशे-चारशे रुपये आणि वीस वर्षांची न दिसणारी जोखीम, हा हिशोब कुठल्याच बाजूने जुळत नाही.

पण खास बोल्ट असतात. विशिष्ट जाडीचा, डोक्याला वेगळा आकार असलेला, किंवा आतून पोकळ असलेला, त्या विमानासाठीच बनवलेला. तो कुठेच मिळत नाही. अशा वेळी तपासणी करून जुना ठेवण्याचा मार्ग खुला असतो. मायक्रोमीटरने दांडा तीन-चार ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचा. न झिजलेल्या टोकाजवळचं माप आणि मधलं माप यांत फरक आला तर झीज आहे. सपाट सरफेस प्लेटवर लोळवून पाहायचं, वाकडा असेल तर उजेडाची फट उघडझाप करते. आट्यांवर गेज. भिंगाखाली डोक्याजवळचा कोपरा. मग चुंबकीय तपासणी: बोल्ट चुंबकित करून त्यावर लोखंडाच्या बारीक चमकणाऱ्या कणांचा द्रव सोडतात आणि अतिनील दिव्याखाली पाहतात. तडा असेल तर कण तिथे रेषेसारखे गोळा होतात. चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूसाठी रंग झिरपवून तडा दाखवणारी पद्धत वापरतात. एक गोष्ट विसरली जाते: चुंबकीय तपासणीनंतर बोल्टातलं चुंबकत्व काढून टाकावंच लागतं, नाहीतर कॉकपिटजवळचा असा बोल्ट होकायंत्राला चुकीची दिशा दाखवायला लावतो.

काढताना हातोडा मारलेला बोल्ट मात्र कितीही दुर्मीळ असो, तो बाद धरावा. बोल्ट अडतो तेव्हा बहुतेक वेळा पंखाचं वजन त्याच्यावर बसलेलं असतं. पंखाला नीट आधार द्या, भार हलका करा, गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या. मग तो पितळी दांड्याच्या हलक्या टकटकीने सरकतो. ठोकून काढला तर बोल्ट जातोच, भोकाची कडही जाते.

उद्यमबागेत हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे: "विमानाच्या साध्या बोल्टची ताण सोसायची ताकद ८६० मेगापास्कल, आणि आपल्याकडे १०.९ ग्रेडचा एचटी, म्हणजे हाय टेन्साइल बोल्ट हजाराच्या वरचा. मग आपलाच लावला तर काय बिघडतं? उलट मजबूत की हो!"

आकडे बरोबर आहेत. अमेरिकन पद्धतीच्या साध्या स्टील विमान-बोल्टची, एएन मालिकेची, किमान ताणशक्ती चौरस इंचाला १,२५,००० पौंड असते, म्हणजे सुमारे ८६२ मेगापास्कल. १०.९ ची किमान १०४० धरा. साहित्य वीस टक्के सरस. आता मापं बघा. एएन४ म्हणजे चार सोळांश, पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. बाजारातला जवळचा बोल्ट एम६, सहा मिलिमीटर. भोकात तो ०.३५ मिलिमीटर सैल. प्रत्येक झोताला, प्रत्येक उतरण्याला तो त्या फटीत हलणार आणि भोक खात जाणार. पण खरा घोळ आट्यांचा आहे. विमान-बोल्टला आटे फक्त टोकाला असतात. मधला गुळगुळीत दांडा, ज्याला ग्रिप म्हणतात, तो जोडायच्या तुकड्यांच्या एकूण जाडीइतका असतो. कापणारा भार नेहमी त्या गुळगुळीत भागावर यावा अशी मांडणी असते. बाजारातले पुष्कळ बोल्ट डोक्यापर्यंत आट्यांचे असतात. मग कापणारा भार आट्यावर येतो. एम६ च्या आट्यांत कामाला येणारं क्षेत्रफळ साधारण २० चौरस मिलिमीटर भरतं, ६.३५ च्या गुळगुळीत दांड्याचं ३१.७. क्षेत्रफळ एक तृतीयांशाहून जास्त गेलं. वीस टक्के सरस धातूने ही तूट भरून निघत नाही, आणि शिवाय आट्याची प्रत्येक खाच तड्याला जागा देते.

आणि समजा कुणी पाव इंची, बरोबर ग्रिपचा, त्याच ताकदीचा बोल्ट इथल्या लेथवर उत्तम बनवला, तरी एक प्रश्न उरतो. ही धातू कुठल्या ओतीची आहे, तिची हीट ट्रीटमेंट कशी झाली, कुणी तपासली, याचा कागद कुठे आहे? आपल्याकडच्या कारागिरांच्या हाताबद्दल मला तिळभर शंका नाही. पण हवेतल्या माणसाला कारागिराच्या हाताची साक्ष पुरत नाही, त्या तुकड्याची वंशावळ लागते. हत्तरगीला काम करणाऱ्या मुलांना हे सांगावं लागत नाही. हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतीचा क्रमांक, हरवला की चांगला तुकडाही भंगारात कसा जातो ते त्यांनी पाहिलेलं असतं.

डोक्यावरच्या खुणा ओळखायला शिका. एएन मालिकेच्या साध्या स्टील बोल्टच्या डोक्यावर फुली किंवा चांदणीसारखी खूण असते, ॲल्युमिनियमच्या बोल्टवर दोन आडव्या रेघा, न गंजणाऱ्या स्टीलवर एक रेघ, आणि काटेकोर मापाच्या बोल्टवर त्रिकोण. रंगावर मात्र जाऊ नका. विमान-बोल्टवर कॅडमियमचा मुलामा असतो आणि तो सोनेरी-पिवळसर दिसतो. बाजारातला यलो झिंक केलेला बोल्ट शेजारी ठेवला तर दोन्ही सारखेच वाटतात. मिसळलेल्या डब्यातून रंग बघून बोल्ट उचलणं फार धोक्याचं आहे.

मुलाम्याचा विषय निघालाच आहे तर तो सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात प्लेटिंगचे कारखाने भरपूर आहेत आणि "जुने बोल्ट तेजाबात साफ करून नवं झिंक चढवून आणू" ही कल्पना कुणाच्याही मनात येईल. ती सोडून द्या. तेजाबात गंज उतरताना आणि नंतर विजेने मुलामा चढताना हायड्रोजन तयार होतो. तो अणुरूपात स्टीलच्या आत शिरतो आणि स्टीलला ठिसूळ करतो. स्टील जितकं कडक तितका हा धोका मोठा, १२.९ ग्रेडसारख्या बोल्टला तो फार असतो, एएनच्या मध्यम कडक बोल्टला कमी. याचं वाईट लक्षण म्हणजे तो लगेच दिसत नाही. बोल्ट आवळताना नीट आवळला जातो, संध्याकाळपर्यंत ठीक असतो, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी कुणी हात न लावता डोकं उडतं. विमानाच्या कामात कडक स्टीलला मुलामा दिल्यावर थोड्याच तासांत ते भट्टीत १९० अंशांच्या आसपास काही तास भाजतात, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. साध्या झिंकच्या कामात ही पायरी असेलच असं नाही.

एएनच्या मध्यम कडक बोल्टबाबत तर दुसराच मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. नवा मुलामा जुने गंजाचे खड्डे झाकून टाकतो. तपासणाऱ्या माणसाला जे दिसायला हवं तेच दिसेनासं होतं. आणि एक सूचना तब्येतीची: जुना कॅडमियम मुलामा वायर ब्रशने किंवा पॉलिश पेपरने कोरडा घासू नका. ती धूळ विषारी आहे, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं दोन्ही बिघडवते.

स्टेनलेसचा बोल्ट घातला तर गंजाची कटकटच नको, असंही सुचवलं जातं. स्टेनलेस गंजणार नाही हे खरं. पण ॲल्युमिनियमच्या तुकड्यात स्टेनलेस घातला आणि मध्ये ओल शिरली की दोन धातूंत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणजे पाचशे रुपयांचा बोल्ट वाचतो आणि न मिळणारा फिटिंग, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो तो जोडतुकडा, जातो. कॅडमियमचा मुलामा तिथे शहाणपणाने निवडलेला आहे: तो ॲल्युमिनियमशी जुळतो आणि स्टीलच्या आधी स्वतः झिजतो.

आता जे लोक बोल्ट बदलून निश्चिंत होतात त्यांच्यासाठी. नवा बोल्ट जुन्या भोकात जातो. भोक लांबट झालं असेल तर नवा बोल्टही पहिल्या दिवसापासून हलणार. अशा वेळी रीमरने (भोक नेमक्या मापाला कातणाऱ्या हत्याराने) भोक काटेकोर मोठं करून एक चौसष्टांश इंच जाड बोल्ट घालण्याची मान्य पद्धत आहे. त्यासाठी तसे जाड बोल्ट मिळतात. पण किती मोठं करायचं याला मर्यादा आहे, कारण भोकापासून तुकड्याच्या कडेपर्यंत पुरेसं अंतर उरलं पाहिजे. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत बोल्टच्या जाडीच्या दुप्पट अंतर, हा सर्वसाधारण दंडक. भोक वेल्डिंगने भरून परत पाडणं हे त्या विमानासाठी मंजूर झालेल्या दुरुस्ती-आराखड्याशिवाय करू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा धातू बदलतो, आणि तो बदल गेजवर दिसत नाही.

ब्रिटिश आणि अमेरिकन आट्यांची गल्लतही इथेच सांगून टाकतो. टायगर मॉथवर ब्रिटिश आटे. पाव इंची ब्रिटिश फाइनला इंचाला २६ आटे, कोन ५५ अंशांचा; अमेरिकन फाइनला २८ आटे, कोन ६० अंशांचा. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे चढतो आणि मग जड जातो. "थोडं जोर लावला की बसतो" असं म्हणत कुणी पाना फिरवला तर दोघांचेही आटे गेले.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की नवं ते सोनं. तसं नाही, आणि याचं उदाहरण टायगर मॉथचंच आहे. या विमानात कॉकपिटच्या तळाशी धडाला आडवे दोन लोखंडी दांडे असतात. डावे आणि उजवे खालचे पंख ज्या फिटिंगना जोडलेले असतात, ती या दांड्यांनी एकमेकांशी बांधलेली असतात. टोकांना आटे आणि नट. हवेत पंखांची ओढ या दांड्यांवर येते. त्यांना २००० तास किंवा १८ वर्षं अशी आयुर्मर्यादा घातलेली आहे. १६ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ एका टायगर मॉथचे डावे पंख हवेत निखळले आणि दोघे मृत्युमुखी पडले. तपासात दोन्ही दांडे आट्यांच्या जागी थकवा-तड्यांनी तुटलेले निघाले. हे दांडे विमानाच्या जन्मापासूनचे नव्हते. ते नंतर बनवलेले, बदली म्हणून बसवलेले होते, आणि आयुर्मर्यादेच्या बऱ्याच आत असताना तुटले. त्यांची घडण मूळ दांड्यांपेक्षा वेगळी होती.

दुसरं उदाहरण लहान विमानाचं नाही, पण टाळता येत नाही. ८ सप्टेंबर १९८९ रोजी नॉर्वेच्या पार्टनेर कंपनीचं कॉन्व्हेअर ५८० हे प्रवासी विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळलं आणि विमानातले सर्व ५५ जण गेले. विमान छत्तीस वर्षांचं होतं. शेपटीचा उभा पंख धरणारे काही बोल्ट आणि पिना बनावट, कमकुवत धातूच्या होत्या असं तपासात निघालं. त्यामुळे नव्या बोल्टची पिशवी हातात आली की बोल्ट बघण्याआधी त्याचं प्रमाणपत्र बघायचं: बनवणारा कोण, कुठल्या मानकानुसार, कुठला लॉट. पिशवीतून काढलेला सुटा बोल्ट आणि हरवलेली चिठ्ठी, एवढ्याने चांगल्या बोल्टचीही किंमत शून्य होते.

मग जुन्या बोल्टचं काय करायचं? टाकायचा नाही. निदान विमान उडेपर्यंत नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या कामातली ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. विमान उघडताना प्रत्येक सांध्याचा फोटो घ्या, बोल्ट-नट-वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने तारेत ओवा किंवा पिशवीत घाला, पिशवीवर जागा लिहा. तो बोल्ट आता साक्षीदार आहे. डोकं कुठल्या बाजूला होतं हे तो सांगतो. सर्वसाधारण रीत डोकं वर किंवा पुढे ठेवण्याची असते, म्हणजे नट गेला तरी बोल्ट वजनाने किंवा वाऱ्याने जागेवर राहतो. किती वॉशर होते हे तो सांगतो. त्याच्या दांड्यावरच्या चमकत्या पट्ट्यावरून सांधा हलत होता की नाही ते कळतं. एका बाजूलाच झीज असेल तर पंख थोडा वेडावाकडा बसलेला होता, असा संशय घ्यायला जागा असते. डाव्या बाजूचा बोल्ट उजव्यापेक्षा वेगळ्या लांबीचा निघाला तर मध्ये कधीतरी दुरुस्ती झाली आहे, आणि तिची नोंद लॉगबुकात शोधायला हवी. ही माहिती दुसऱ्या कुठल्याही कागदावर नसते.

विमान उडवायचं नसून फक्त प्रदर्शनात ठेवायचं असेल तर तराजू उलटा झुकतो. तिथे मूळ बोल्ट मूळ जागी असणं हेच मोलाचं, आणि तो जितका कमी घासाल तितका चांगला. फक्त हे विमान उडण्यायोग्य नाही हे कागदावर आणि विमानावर, दोन्हीकडे ठळक लिहून ठेवावं. काही दशकांनी एखाद्या उत्साही माणसाने ते उडवायचं ठरवलं तर त्याची फसगत होऊ नये.

उडवायच्या विमानात अंतिम शब्द परवानाधारक देखभाल अभियंत्याचा. कुठला भाग बदलला, कशाने बदलला, कुठल्या प्रमाणपत्राने आला, हे लॉगबुकात चढतं आणि त्याखाली त्याची सही होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची चौकट यासाठीच आहे. हौशी माणसाने बोल्ट मोजावेत, पिशव्या भराव्यात, पुस्तकं वाचावीत. पण "चालतंय की" हे ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे घेऊ नये.

आपल्या हवेबद्दल थोडं लिहायलाच हवं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगाव-खानापूर पट्ट्यात भिंतींना पाणी सुटतं. या चार महिन्यांत उघडं पडलेलं स्टील एका आठवड्यात तांबूस होतं. काढलेले बोल्ट आणि फिटिंग तेलाचा हात मारून, बंद डब्यात ठेवावेत. त्याहून लपलेली जागा म्हणजे पोकळ नळ्या. पंखाच्या खालच्या तिरक्या दांड्यात पाणी शिरून तळाशी साचतं आणि दांडा आतून कुजतो, बाहेर रंग मात्र शाबूत. अमेरिकेत पायपर कब हे लहान विमान आणि त्याच्या भावंडांच्या जुन्या दांड्यांची या कारणासाठी दर २४ महिन्यांनी तपासणी सक्तीची आहे. दांड्याच्या टोकाचा आट्यांचा फोर्कही (दोन पाकळ्यांचा जोडतुकडा) त्याच तपासणीच्या कक्षेत येतो. त्या टोकाचा बोल्ट कितीही नवा घातला तरी आतल्या कुजीवर त्याचा उपाय नाही, म्हणून बोल्ट काढलाच आहे तर दांड्याच्या टोकातून आत दिवा टाकून बघा आणि आत तेल किंवा गंजरोधक फिरवा.

आवळण्याचं माप पुस्तकातलंच घ्यायचं, मनगटाच्या अंदाजाने नाही. पाव इंची बारीक आट्यांच्या साध्या बोल्टसाठी सर्वसाधारण तक्ता ५० ते ७० इंच-पौंड सांगतो, म्हणजे साधारण ५.६ ते ७.९ न्यूटन-मीटर. मोटारसायकलवर हात बसलेला माणूस सहज याच्या दुप्पट जोर लावतो. नायलॉक असेल तर त्याचा स्वतःचा विरोध मोजून या मापात मिळवायचा. कॅसल नटाची खाच भोकासमोर येत नसेल तर आधी खालच्या मापापर्यंत आवळून मग खाच येईपर्यंत पुढे जायचं, पण वरचं माप ओलांडायचं नाही. तरी जुळलं नाही तर वॉशरची जाडी बदलायची. खाच जुळावी म्हणून नट सैल करायचा नाही.

लाकडी पंख असलेल्या विमानात एक काम पहिल्या उड्डाणानंतरही चालू राहतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी झाली की आकसतं. ऑगस्टमध्ये बरोबर आवळलेला बोल्ट एप्रिलमध्ये सैल निघू शकतो. एप्रिलमध्ये आवळलेला पावसाळ्यात वॉशरखालचं लाकूड चिरडू शकतो. म्हणून लाकडी पट्टीवर नेहमीपेक्षा मोठ्या व्यासाचे वॉशर घालतात, आणि लाकडी प्रोपेलरच्या (नाकावरच्या फिरत्या पंख्याच्या) मधल्या हबचे बोल्ट पहिल्या उड्डाणानंतर, पुन्हा पंचवीसेक तासांनी, आणि नंतर प्रत्येक ऋतुबदलाला टॉर्क रेंचने (जोर मोजणाऱ्या पान्याने) तपासतात. आपल्याकडे त्यासाठी दोन तारखा धराव्यात: दसऱ्यानंतरचा एखादा कोरडा दिवस, आणि वळवाच्या पहिल्या सरीआधीचा एक.